मागचा लाल दिवा

पिंपरी-चिंचवडच्या पुनावळ्यात सायकल चालवणाऱ्यांच्या दोन तऱ्हा आहेत आणि हिवाळ्यात त्यांची गाठ पहाटे पावणेसहाच्या सुमारास पडते. पहिली तऱ्हा सोसायटीच्या गेटातून बाहेर येते. डोक्यावर हेल्मेट, हँडलवर झगझगीत पांढरा दिवा, सीटखाली लुकलुकणारा लाल दिवा, अंगात घट्ट जर्सी, मनगटावर किलोमीटर मोजणारं घड्याळ. या मंडळींना जांबे-नेऱ्याच्या बाजूने कासारसाई धरण गाठायचं असतं, नाहीतर जुन्या हायवेने सोमाटणे फाट्यापर्यंत जाऊन यायचं असतं. दुसरी तऱ्हा पत्र्याच्या खोल्यांमधून निघते. सोसायटीचा वॉचमन, साइटवरचा मिस्त्री, हाउसकीपिंगचं काम करणारा, सकाळच्या पाळीला निघालेला कंत्राटी कामगार. काळी, जड सायकल, कॅरिअरला डबा, डोक्याला मफलर. दिवा नाही. मडगार्डवरचा लाल रिफ्लेक्टर कधीच फुटून गेलेला.

डिसेंबर-जानेवारीत इथे सूर्य उगवायला सात वाजतात. म्हणजे दोघेही तासभर अंधारातच सायकल मारतात, एकाच रस्त्यावर, त्याच डंपरांच्या शेजारून.

पहिल्या तऱ्हेचे लोक राइड संपली की टपरीवर चहा घेतात आणि तिथे ठरलेला वाद सुरू होतो. ‘हेल्मेट नसेल तर ग्रुपमध्ये यायचं नाही,’ असं एक जण बजावतो. ‘अहो, भाजी आणायला जाताना कसलं हेल्मेट?’ असं दुसरा विचारतो. नुकताच प्रोजेक्टवरून परतलेला एखादा सांगतो की नेदरलँड्समध्ये सायकलवर कुणीच हेल्मेट घालत नाही. त्यावर कुणीतरी म्हणतं, ‘काका, ते नेदरलँड्स आहे. हा पुनावळ्याचा अंडरपास आहे.’ हशा होतो, चहा संपतो, वाद पुढच्या रविवारवर जातो. दुसऱ्या तऱ्हेतलं कुणीही या चर्चेत नसतं, कारण त्या वेळी ते ड्यूटीवर असतं.

हा वाद मुळीच बिनबुडाचा नाही. जगभरचे शास्त्रज्ञ तो तीसेक वर्षं घालताहेत. मला खटकतं ते एवढंच, की तो चुकीच्या टोकापासून सुरू होतो.

आधी कायद्याचं पाहू, कारण टपरीवर त्याबद्दल हमखास गोंधळ असतो. मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम १२९ हेल्मेटची सक्ती करतं ती मोटारसायकलवर बसणाऱ्याला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ते मोडल्यास एक हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन निलंबित होण्याची तरतूद आहे. पॅडल मारून चालणारी सायकल त्या कायद्याच्या व्याख्येत बसतच नाही. अडीचशे वॉटपेक्षा कमी शक्तीची आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत राहणारी बॅटरीची सायकलही त्यातून सुटते. तिला नंबरप्लेट लागत नाही, लायसन लागत नाही आणि हेल्मेटही लागत नाही. तेव्हा सायकलवर हेल्मेट घालायचं की नाही, हा भारतात निव्वळ स्वखुशीचा मामला आहे.

स्वखुशी या शब्दाला पुणे परिसरात जरा जास्त वजन आहे. जानेवारी २०१९ मध्ये पुणे पोलिसांनी दुचाकीस्वारांवर कडक कारवाई सुरू केली, तेव्हा हेल्मेटसक्तीविरोधी कृती समितीने मोर्चा काढला आणि काही आंदोलक चक्क पुणेरी पगडी घालून दुचाकीवर स्वार झाले. राज्यभर त्यांची थट्टा झाली. पण डोक्यावर काय घालायचं हे दुसऱ्याने सांगितलेलं माणसाला रुचत नाही, ही काही पुण्याची मक्तेदारी नव्हे. १९९१ साली आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने व्यावसायिक शर्यतींत हेल्मेट सक्तीचं करायचा प्रयत्न केला, तेव्हा फ्रान्समधल्या पॅरिस–नीस शर्यतीत नावाजलेल्या खेळाडूंनीच निषेध केला आणि नियम मागे पडला. बारा वर्षांनी, मार्च २००३ मध्ये, त्याच शर्यतीत आंद्रे किव्हिलेव्ह हा कझाकस्तानचा सायकलपटू पडला. डोक्याला मार लागून तो गेला. त्याने हेल्मेट घातलेलं नव्हतं. मग काही आठवड्यांतच सक्ती आली आणि या वेळी ती टिकली.

आता हेल्मेट नेमकं काय करतं ते. वरचं प्लॅस्टिकचं कवच दिसायला महत्त्वाचं वाटतं, पण खरं काम त्याखालचा दोन-तीन सेंटीमीटरचा पांढरा फेस करतो. टीव्हीच्या खोक्यात येतो तो थर्माकोल आणि हा फेस एकाच जातीचे, दोन्ही पॉलिस्टायरिनचे. हेल्मेटमधला जास्त दाट असतो, इतकंच. डोकं रस्त्यावर आदळतं तेव्हा कवटीला आणि मेंदूला इजा होते ती वेग एकदम शून्यावर आल्याने. थांबायला जितकं जास्त अंतर मिळेल तितका धक्का सौम्य. ताशी साडेएकोणीस किलोमीटरने आदळणारं डोकं दोन मिलीमीटरमध्ये थांबलं, तर त्याला गुरुत्वाकर्षणाच्या साधारण ७५० पट धक्का बसतो. तेच दोन सेंटीमीटरमध्ये थांबलं तर ७५ पट. फेस चिरडतो आणि ते दोन सेंटीमीटर मिळवून देतो. हे कागदावरचं आदर्श गणित झालं, प्रत्यक्षात फेस इतका शहाण्यासारखा चिरडत नाही. तरी दोन्हींतला फरक कुठून येतो ते त्यातून कळतं.

साडेएकोणीस हा आकडा मी हवेतून घेतलेला नाही. युरोपच्या ईएन १०७८ या मानकात हेल्मेट चढवलेला नकली माथा दीड मीटरवरून सपाट लोखंडी ठोकळ्यावर सोडतात. दीड मीटरवरून पडणारी कुठलीही वस्तू खाली पोचताना याच वेगाने येते. माथ्यातल्या मापकाने २५० पटींपेक्षा जास्त धक्का नोंदवला की हेल्मेट नापास. अमेरिकेत १९९९ पासून सक्तीच्या असलेल्या सीपीएससी मानकात उंची दोन मीटर आणि मर्यादा ३०० पट आहे. म्हणजे सायकलचं हेल्मेट तपासलं जातं ते सायकलवरून स्वतःहून पडण्यासाठी, साधारण माणसाच्या डोक्याच्या उंचीवरून. पन्नासच्या वेगाने येणाऱ्या गाडीची धडक या परीक्षेच्या अभ्यासक्रमातच नाही.

पण स्वतःहून पडणं हा पुनावळ्यात किरकोळ प्रकार समजू नका. जिथे बारा महिने टॉवर उभे राहताहेत, तिथे रस्त्यावर काय काय सांडतं ते पाहा. वळणावर खडी, डंपरमधून गळलेली वाळू, काँक्रीट मिक्सरने टाकलेले आणि तिथेच वाळून टणक झालेले गोळे, पहिल्या पावसात या सगळ्याचा झालेला चिखल. त्यात पहाटे चवताळून धावणारी कुत्री. अरुंद टायरच्या सायकलला एवढं पुरतं. अशा पडण्यात हेल्मेट डोकं वाचवतं, यात शंका घ्यायला जागा नाही. जे लांब जातात, वेगाने जातात, घाट उतरतात, त्यांनी ते घालावं. माझं मत स्पष्ट आहे.

घालताना मात्र नीट. पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटं, कानाखाली पट्ट्यांचा व्ही, हनुवटीखाली एखाद-दुसरं बोट जाईल इतकीच ढील. मागे ढकलून टोपीसारखं घातलेलं हेल्मेट कपाळ उघडं टाकतं. एकदा जोरात आपटलं की ते बदलायचं, बाहेरून तडा दिसो न दिसो, कारण चिरडलेला फेस परत फुगत नाही. मोटारसायकलचं हेल्मेट सायकलवर चालेल का, असा प्रश्न वारंवार येतो. त्याचं वजन किलोच्या आसपास असतं, सायकलच्या हेल्मेटचं अडीचशे-तीनशे ग्रॅम. मोटारसायकलचं घालून एप्रिलच्या उन्हात पॅडल मारून पाहा, उत्तर मिळेल. अलीकडच्या महाग हेल्मेटांमध्ये आत एक सरकता थर असतो. डोकं तिरकं घासत आदळलं की मेंदूला पीळ बसतो, तो कमी करायची ही युक्ती स्टॉकहोममध्ये जन्मली. पण नीट बसणारं साधं हेल्मेट हे न बसणाऱ्या महागड्यापेक्षा केव्हाही चांगलं.

मग जगभर भांडण कशाचं? १९८९ साली अमेरिकेतल्या सिएटलमध्ये झालेल्या अभ्यासाने जाहीर केलं की हेल्मेटमुळे डोक्याच्या दुखापतीचा धोका ८५ टक्क्यांनी घटतो. हा आकडा पुढे सगळीकडे फिरला. पुढच्याच वर्षी, १ जुलै १९९० रोजी, ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने जगात पहिल्यांदा सायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. न्यूझीलंडने १९९४ मध्ये तोच मार्ग धरला. व्हिक्टोरियात डोक्याच्या दुखापती कमी झाल्या, पण सायकल चालवणारेही कमी झाले, विशेषतः शाळा-कॉलेजातली मुलं. हेल्मेटने डोकी वाचवली की सायकली घरात बसवल्या, यावर संशोधकांचे दोन तट पडले ते आजही जुळलेले नाहीत. ८५ टक्क्यांचा आकडा फुगलेला होता, हे मात्र मान्य झालं. २०१३ मध्ये अमेरिकी सरकारी संस्थांनीच तो मागे घेतला. त्यानंतर जेक ऑलिव्हिए आणि प्रुडन्स क्रायटन यांनी चाळीस अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला. अपघातात सापडलेल्यांमध्ये हेल्मेटमुळे डोक्याच्या दुखापतीची शक्यता सुमारे ५१ टक्क्यांनी आणि गंभीर दुखापतीची ६९ टक्क्यांनी कमी भरली. ‘अपघातात सापडलेल्यांमध्ये’ हे शब्द नीट वाचायचे. अपघात होईल की नाही, याबद्दल त्या हिशेबात अक्षरही नाही.

त्याबद्दल एक गमतीदार प्रयोग ब्रिटनमध्ये झाला. इयन वॉकर हे मानसशास्त्रज्ञ सायकलला अंतरमापक बांधून कधी हेल्मेट घालून, कधी न घालता हिंडले आणि दोन हजारांहून जास्त गाड्या आपल्याला किती अंतर राखून ओलांडतात ते मोजलं. २००७ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलं की हेल्मेट घातलेलं असताना गाड्या सरासरी साडेआठ सेंटीमीटर जवळून जात. लांब केसांचा टोप घालून बाई असल्याचं भासवलं, तेव्हा चालकांनी जास्त जागा सोडली. प्रयोगादरम्यान एका बसने आणि एका ट्रकने त्यांना धडकही दिली, दोन्ही वेळी डोक्यावर हेल्मेट होतं. पुढे ऑलिव्हिए यांनीच तो डेटा पुन्हा तपासून म्हटलं की हा फरक इतका लहान आहे की त्याला अर्थ नाही. मला त्यांचं पटतं. साडेआठ सेंटीमीटरवर धोरण ठरवू नये. टोपाचा प्रयोग मात्र पुनावळ्यात करून पाहायला हरकत नाही.

या सगळ्या भांडणात एक गोष्ट गृहीत धरलेली असते: धडक झाली आहे, आता डोक्याचं बघू. धडकेच्या आधीचे चार-पाच सेकंद चर्चेबाहेर राहतात. सायकलस्वाराचं मरण बहुतेक वेळा त्या सेकंदांत ठरतं.

साधा हिशेब करू. देहूरोड–कात्रज बायपासवर रात्री एक गाडी ताशी ऐंशीने चालली आहे आणि पुढे त्याच दिशेने ताशी वीसने सायकल. दोघांच्या वेगातला फरक साठ, म्हणजे सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर. रात्री अनपेक्षित काही दिसून ब्रेकवर पाय जाईपर्यंत रस्ते बांधणारे अभियंते अडीच सेकंद धरतात. तेवढ्यात मधलं अंतर ४२ मीटरने घटतं. नंतर ब्रेक लागून गाडीचा वेग सायकलइतका होईपर्यंत आणखी २८ मीटर. एकूण ७० मीटर. सायकल त्याहून उशिरा दिसली, तर चालक कितीही सज्जन असो, तो तिला वाचवू शकत नाही. आणि डीम लाइटच्या झोतात गडद शर्टातला माणूस सत्तर मीटरवरून दिसत नाही, त्याहून बराच जवळ आल्यावर दिसतो. समोरून येणाऱ्याचा एलईडी डोळ्यांत असेल तर आणखी जवळ.

हाच हिशेब गाडी पन्नासने चालली असेल तर किती बदलतो पाहा. फरक तीसचा. अडीच सेकंदांत २१ मीटर, ब्रेकला ७. सत्तर मीटरचे २८ झाले. आणि सायकल सर्व्हिस रोडवर उलट दिशेने येत असेल तर? पुनावळ्यात ही सवय सर्रास आहे, कारण सरळ मार्गाने जायचं तर पुढच्या अंडरपासपर्यंत जाऊन वळून यावं लागतं. तेव्हा ऐंशीच्या गाडीला पूर्ण थांबायलाच शंभर मीटरहून जास्त लागतात आणि त्या वेळात सायकल तिच्या दिशेने येतच असते. अशा माणसाच्या मागच्या दिव्याचाही उपयोग नाही, तो उलट्या बाजूला आहे. वाचवलेल्या दीड किलोमीटरची ही किंमत बहुतेकांना ठाऊक नसते.

गंमत म्हणजे आपल्या कायद्याला एके काळी हे कळत होतं. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या पुण्यात सायकलवाल्याला पोलिसाची भीती वाटायची ती दोन गोष्टींसाठी: डबलसीट आणि बिनदिव्याची सायकल. अंधार पडल्यावर दिवा नसला की पोलीस अडवायचा, चाकातली हवा सोडायचा नाहीतर दंड करायचा. आधी रॉकेलचे दिवे होते, मग डायनामो आला. टायरला घासून फिरणारी ती बाटली सहा व्होल्टवर जेमतेम तीन वॉट द्यायची, पॅडल जड व्हायचं, आणि चौकात सायकल थांबली की नेमका दिवाही जायचा. तरी लोक तो लावत.

मग सायकलीच गेल्या. त्या घालवण्यात आपल्या पट्ट्याचा वाटा मोठा आहे. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात टेल्को आली, आकुर्डीत बजाज आली. पाळी सुटली की या कंपन्यांच्या गेटांतून सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा. त्याच आकुर्डीत तयार झालेल्या स्कूटरींनी आणि पुढे चाकणच्या मोटारसायकलींनी त्या कामगारांना सायकलवरून उतरवलं. त्यात वाईट काही नाही, दहा-पंधरा किलोमीटर कामाला जाणाऱ्याला स्कूटर हवीच असते. पण सायकल दिसेनाशी झाली तसा सायकलच्या दिव्याचा नियमही पोलिसांच्या आणि लोकांच्या डोक्यातून पुसला गेला. पुनावळे १९९७ साली महापालिकेत आलं, तोवर बिनदिव्याच्या सायकलला कुणी अडवतं ही गोष्ट आजोबांच्या आठवणीत जमा झाली होती. आज त्याच पट्ट्यात पुन्हा हजारो माणसं सायकलने कामाला जातात, फक्त ती कायम नोकरीतली नाहीत, म्हणून ती मोजली जात नाहीत.

आज दिव्याची अडचण डायनामोच्या काळाइतकी उरलेली नाही. एक वॉटपेक्षा कमी शक्तीचा लाल एलईडी दोनशे मीटरवरून आरामात दिसतो. आपल्या हिशेबातले सत्तर मीटर तो सहज भागवतो. डेन्मार्कमधल्या ओडेन्स शहरात २००४-०५ मध्ये जवळजवळ चार हजार सायकलस्वारांवर प्रयोग झाला. निम्म्यांच्या सायकलींना चाकातल्या चुंबकावर चालणारे, दिवसाही पेटते राहणारे दिवे बसवले. वर्षभरात त्यांचे इजा होणारे अपघात इतरांपेक्षा १९ टक्क्यांनी कमी भरले. हा अपघातच कमी होण्याचा आकडा आहे, अपघातानंतरचा नव्हे.

दिवा लुकलुकता की स्थिर, यावरही ग्रुपांमध्ये दोन पक्ष असतात. लुकलुकता दिवा पटकन लक्ष वेधतो, पण अंधारात त्याचं अंतर अजमावणं अवघड जातं. जर्मनीत सायकलला लुकलुकता दिवा लावायला बंदीच आहे. मी स्थिर दिव्याच्या बाजूचा, जमल्यास जोडीला एक लुकलुकता. पुढच्या दिव्याबद्दल मात्र एक तक्रार नोंदवतो. हजार लुमेनची बॅटरी हँडलवर सरळ रोखून निघणारे महाभाग समोरच्या दुचाकीवाल्याला आंधळं करतात. झोत खाली, आपल्या पुढच्या दहा-पंधरा मीटरवर पडला पाहिजे.

बॅटरी संपते, दिवा चोरीला जातो. त्यासाठी रिफ्लेक्टर. लाल रिफ्लेक्टरच्या आत बारीक बारीक कोपरे असतात, एकमेकांना काटकोनात असलेल्या तीन आरशांचे. अशा कोपऱ्यात कुठूनही आलेला किरण तीन ठिकाणी आपटून आला त्याच दिशेने परत जातो. अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी १९६९ मध्ये चंद्रावर ठेवलेला परावर्तक याच तत्त्वाचा. पृथ्वीवरून सोडलेला लेसर त्यावरून परत येतो आणि चंद्राचं अंतर मोजता येतं. सायकलच्या बाबतीत परतणारा प्रकाश हेडलाइटच्या जवळ बसलेल्या चालकाच्या डोळ्यांत जातो. मर्यादाही त्यातच आहे: हेडलाइट त्यावर पडला तरच तो चमकतो. गल्लीतून आडव्या येणाऱ्या गाडीला त्याचा उपयोग नाही.

ऑस्ट्रेलियात जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी बंद रस्त्यावर रात्री चालकांना गाडी चालवायला लावून सायकलस्वार किती वेळा ओळखू येतो ते तपासलं. काळ्या कपड्यांतला २ टक्के वेळा ओळखला गेला. भडक पोपटी फ्लुओरोसंट जॅकेटमधला १५ टक्के. रिफ्लेक्टिव्ह जॅकेटमधला ५० टक्के. आणि त्याच जॅकेटसोबत घोट्यांना नि गुडघ्यांना रिफ्लेक्टिव्ह पट्टे बांधलेला ९० टक्के. फ्लुओरोसंट रंगाला चमकायला सूर्यातले अतिनील किरण लागतात, हेडलाइटमध्ये ते नसल्यागतच, म्हणून दुकानात झगमगणारं ते जॅकेट रात्री बिनकामाचं ठरतं. घोट्यांच्या पट्ट्यांचा करिष्मा वेगळाच आहे. पॅडलबरोबर वर-खाली होणारे दोन ठिपके दिसले की आपला मेंदू क्षणात ओळखतो, हा माणूस आहे. स्थिर चमक खांबाचीही असू शकते, चालणारे पाय फक्त माणसाचे असतात. रिफ्लेक्टिव्ह टेपचा वीतभर तुकडा घोट्याला किंवा पॅडलच्या कडांना लावून हे साधतं.

लांब पल्ल्याच्या ब्रेव्हे राइड करणाऱ्यांना हे नवीन नाही. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत, सहाशे किलोमीटर चाळीस तासांत, अशा या राइडमध्ये अंधारातही सायकल मारावी लागते. पुढचा-मागचा दिवा आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेट दाखवल्याशिवाय आयोजक सुरुवातच करू देत नाहीत. भारतात त्यात हेल्मेटही आलं.

एक धोका असा आहे की ज्यात ना हेल्मेट कामाचं ना दिवा. डावीकडे वळणारा डंपर. चालक उंच केबिनमध्ये उजवीकडे बसलेला, त्याच्या डाव्या दाराखालचा आणि नाकासमोरचा पट्टा त्याला दिसतच नाही. वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या आतून जातात, म्हणजे पुढचा भाग आपल्याला चुकवून गेला तरी मागचा अंगावर येतो. लंडनमध्ये एकूण वाहतुकीत अवजड वाहनांचा वाटा अगदी थोडा, पण सायकलस्वारांच्या मृत्यूंमध्ये निम्म्याहून जास्त वेळा तीच गुंतलेली आढळली. तिथे मार्च २०२१ पासून बारा टनांवरच्या ट्रकना केबिनमधून किती थेट दिसतं यावर परवाना मिळतो आणि ऑक्टोबर २०२४ पासून ती अट आणखी कडक झाली. आपल्याकडे मिक्सर-डंपरना गर्दीच्या वेळी बंदी घालण्यापर्यंत मजल गेली आहे. बंदीची वेळ संपली की ते सगळे एकदम सुटतात, आणि पहाट तर त्यांचीच असते. लंडनसारखा नियम इथे येईपर्यंत सायकलवाल्याच्या हातात एकच: सिग्नलला किंवा अंडरपासच्या तोंडाशी थांबलेल्या डंपरच्या डाव्या फटीतून पुढे घुसायचं नाही, मागे थांबायचं. जागा दिसते म्हणून घुसण्याचा मोह सगळ्यांना होतो, हेल्मेटवाल्यांनाही.

नेदरलँड्सचं नाव निघालंच आहे, तर ती गोष्टही पुरी करू. १९७१ मध्ये त्या चिमुकल्या देशात रस्त्यावर तीन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यांत चारशेच्या वर मुलं होती. आईबाप रस्त्यावर उतरले, ‘मुलांच्या हत्या थांबवा’ नावाने चळवळ उभी राहिली. त्यांनी हेल्मेट मागितलं नाही. गाड्यांचा वेग उतरवा आणि सायकलींना वेगळी वाट द्या, एवढंच मागितलं. पुढच्या काही दशकांत ते मिळालं. पिंपरी-चिंचवडलाही केंद्र सरकारच्या ‘सायकल्स फॉर चेंज’ स्पर्धेत २०२१ मध्ये निवडलेल्या अकरा शहरांत स्थान मिळालं होतं. शहरात सायकल ट्रॅक झालेही. त्यांतल्या पुष्कळांवर आज चारचाकी उभ्या असतात, काहींवर भाजीचे हातगाडे. ट्रॅक आखणं सोपं, रिकामा ठेवणं अवघड. आणि बायपासचा सर्व्हिस रोड, जिथे पहाटे सायकली खरोखर असतात, तिथे तर आखलेलाही नाही.

वॉचमनला आणि मिस्त्रीला कुणी हेल्मेट दिलं तर तो ते घालेल का? थोडे दिवस घालेल. साइटवर त्याला पिवळं सुरक्षा हेल्मेट मिळतंच, पण ते वरून पडणाऱ्या विटेसाठी असतं, सायकलवर वाऱ्याने उडतं. रिफ्लेक्टिव्ह पट्ट्यांचं जॅकेटही मिळतं. ते चोरीला जाऊ नये म्हणून अनेक ठिकाणी काम सुटल्यावर गेटवर परत घेतात आणि सकाळी पुन्हा देतात. म्हणजे दिवसभर उजेडात ते अंगावर असतं आणि अंधारात घरी जाताना खुंटीवर. बिल्डरांनी, हाउसिंग सोसायट्यांच्या कमिट्यांनी आणि सिक्युरिटी एजन्सीवाल्यांनी ते घरी नेऊ द्यावं आणि सायकलच्या मागच्या मडगार्डला एक लाल दिवा बसवून द्यावा. वॉचमनच्या बारा तासांच्या ड्यूटीचं जे बिल सोसायटी दरमहा भरते, त्यात हा खर्च शोधूनही सापडणार नाही.